चार खात्यांचा दिवस

सकाळी सातच्या आत कोणत्याही घरातील फोन उघडावा. 'शुभ सकाळ' म्हणणाऱ्या फुलांच्या पाठोपाठ 'आजचा दिनविशेष' येऊन बसलेला असतो. कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कोणता शोध कोणत्या साली लागला, मध्येच एखादे 'तुम्हाला माहीत आहे का', त्याखाली विनोद आणि अखेरीस आयुष्याविषयी दोन ओळी. हे ताट नवे नाही. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने सुविचार आणि दिनविशेष लिहिण्याची पाळी ज्याच्यावर कधी आली नाही असा मराठी विद्यार्थी विरळा. घरात भिंतीवर रोज एक पान फाडायचे कॅलेंडर असे आणि त्या तळहाताएवढ्या पानावर तिथी, सूर्योदय व एखादे वचन मावत असे. बदलले ते इतकेच की पूर्वी पान एक होते आणि ते कोणी छापले हे खाली लिहिलेले असे. आता पाने पन्नास येतात आणि त्यांना धनी नसतो.

व्यापारी घराण्यांना वास्तविक याचे नवल वाटू नये. ज्या घरात कीर्द लिहिली जाते तिथे प्रत्येक दिवसाला स्वतःचे पान असतेच. वर 'श्री', मग तिथी-वार, मग आरंभीची शिल्लक, दिवसभराची जमा-नावे आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी अखेरची शिल्लक. जुन्या वह्या चाळल्या तर कडेला इतरही नोंदी सापडतात : पाऊस झाला, गावात साथ आली, अमक्याच्या घरी पुत्ररत्न. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना दिनविशेष हा शब्दही ठाऊक नसेल.

मुरुडच्या बाजारपेठेत धान्याची आडत असलेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. वय पंच्याऐंशीच्या घरात. घरचे, दारचे, हमाल, मापाडी, सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. दुकानासमोर तूर, हरभरा, सोयाबीन यांचे भाव लिहिण्याचा फळा होता. त्याच्या उजव्या अंगाला हातभर जागा रिकामी राही. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच तारखेला अण्णांनी भावांशेजारी 'आज आपला जिल्हा एक वर्षाचा झाला' असे लिहिले. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनी ते वाचले, एकदोघांनी चर्चा केली, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारले, 'आज काय लिहिलं नाही?' तेव्हापासून ती जागा रिकामी राहिली नाही. पुढे भाव फोनवर कळू लागले, फळा माडीवर गेला आणि अण्णांचे पानही फोनवर आले. लातूर, सोलापूर, पुणे, इचलकरंजी असे विखुरलेले साठ-सत्तर नातलग ते रोज सकाळी सात वाजता वाचतात. टंकलेखन नातू शिकवून गेला. जोडाक्षरांशी अण्णांचे अजून पटत नाही, पण मजकूर आदल्या रात्री वहीत शाईने लिहिलेला असतो.

त्या वहीची रचना पाहण्यासारखी आहे. पानावर चार खाती असतात : इतिहास, कुतूहल, हसू आणि मनातले. पहिल्या खात्यात जायचे तर नोंदीला आधार हवा. ग्रंथ, जुने वर्तमानपत्र, वही, शिलालेख, काहीही, पण दाखवता येईल असा. दुसऱ्यात चमत्कारिक वाटणारी पण खरी माहिती. तिसऱ्यात विनोद, सासू-सून आणि नवरा-बायको यांवरील विनोद मात्र वर्ज्य. ही अट सूनबाईंनी घातली आणि अण्णांनी ती मान्य केली. परिणामी उपलब्ध मराठी विनोदांपैकी बहुतेक एका फटक्यात बाद झाले. चौथ्या खात्यात आठवणी, ऐकीव गोष्टी, स्वतःचे विचार. तिथे पुरावा मागायचा नाही, पण तिथली रक्कम पहिल्या खात्यात वळतीही करायची नाही.

फोनवर येणाऱ्या मजकुराशी अण्णांचा जो कायमचा वाद आहे तो या वळतीचाच आहे. दरवर्षी १४ फेब्रुवारीला एक संदेश फिरतो की, या दिवशी भगतसिंगांना फाशी झाली आणि तरुण मंडळी गुलाब वाटत बसली आहेत. फाशी झाली ती २३ मार्च १९३१ रोजी आणि शिक्षा सुनावली गेली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी. १४ फेब्रुवारीचा त्यांच्याशी हा संबंध नाही. हुतात्म्याविषयीचा आदर खरा, पण तारीख खोटी. असेच आपले राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवल्याचे वृत्त. युनेस्कोने तसे काही केलेले नाही, तरी ते वृत्त वर्षानुवर्षे अभिनंदनासह परत येते. विशेष हे की, जो दुकानदार पाचशेची नोट उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय गल्ल्यात टाकत नाही, तोच हे संदेश न वाचता पुढे ढकलतो. पूर्वी शाहजोग हुंडीचा रिवाज होता. ती आणणारा प्रतिष्ठित आणि माहीतगार असेल तरच पैसे चुकते करायचे. वाटेल त्याच्या हाती दिले आणि तो भलताच निघाला तर जबाबदारी पैसे देणाऱ्यावर. पुढे पाठवणाऱ्यावर अशी काही जबाबदारी येते, हे फोनच्या युगात कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

छापील दिवसाचा इतिहास मात्र मनोरंजक आहे आणि जैन वाचकांना तो अधिक जवळचा वाटेल. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले. तोवर पंचांग हाताने लिहिले जाई. छापण्याच्या शाईत प्राण्याची चरबी असते, मग असले पंचांग देवघरात कसे ठेवावे, असा आक्षेप निघाला, तेव्हा शाईत चरबीऐवजी तूप वापरण्याची युक्ती करण्यात आली. अभक्ष्य काय आहे हे पाहण्यासाठी आज आपण पाकिटाची मागची बाजू वाचतो. तेव्हाच्या लोकांनी ती चौकशी शाईपर्यंत नेली होती. पुढे १९७३ साली जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' आले आणि पंचांग भिंतीवर चढले. त्याच्या पाठीमागचे लेख आणि पाककृती लोक वाचत असत, पण त्याचा खरा उपयोग गृहिणींनी शोधला. तारखेच्या चौकोनात 'दूध नाही', 'गॅस लावला', 'बाई आली नाही' अशी बारीक अक्षरे उमटू लागली. महिनाअखेर दूधवाल्याशी वाद झाला की भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरे आणि तेच साक्षीपुरावा ठरे. स्वयंपाकघरातली कीर्द ती हीच.

मराठवाड्यात मात्र 'आज कोणता दिवस' हा प्रश्न उर्वरित महाराष्ट्राहून अधिक गुंतागुंतीचा होता. निजामाच्या राज्यात सरकारी कागद फसली सनाने चालत. महिन्यांची नावे फारसी : आजूर, दय, बहमन, इस्फंदार अशी. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदले. व्यापाऱ्याची वही दिवाळीला बदले आणि तिच्यावर विक्रम संवत व वीर निर्वाण संवत येई. पाडव्याला शके बदले. आणि हद्दीपलीकडे बार्शी इंग्रजी मुलखात, म्हणून तिथल्या पत्रव्यवहाराला इसवी सन. १७ सप्टेंबर १९४८ हा मराठवाडा मुक्तिदिन आज आपण एकाच तारखेने ओळखतो. त्या दिवशी शके १८७० होते, कार्तिकी विक्रम संवत २००४, वीर निर्वाण संवत २४७४ आणि फसली १३५७. एकाच पेढीवर एकाच दिवसाला ही पाच नावे ठाऊक असलेला मुनीम असे, आणि त्याला कोणी विद्वान म्हणत नसे.

रुपयेही दोन होते. निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदारांचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली होतात, हे अण्णांच्या पिढीतील मुलांकडून पाढ्यासारखे घोकून घेतले जाई. हैदराबाद भारतात आल्यानंतरही काही वर्षे दोन्ही नाणी चालली. ज्या हैदराबाद स्टेट बँकेकडे उस्मानिया शिक्क्याचा कारभार होता ती १९४१ साली स्थापन झाली, पुढे तिची स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाड्यातील कित्येक घरांत पहिले पासबुक याच बँकेचे होते. १ एप्रिलचा दिनविशेष म्हणून जगभरातल्या फजितीच्या गोष्टी येतात. अण्णांच्या पानावर ही नोंद येते, आणि तिच्याखाली हे की, १९५७ साली याच तारखेला रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नये पैसे आले.

वर्षातला अत्यंत गमतीचा दिवस मात्र १ जून. त्या दिवशी अण्णांच्या पानावर वाढदिवसांची रांग लागते. साठी उलटलेल्या नातलगांपैकी निम्मे १ जूनला जन्मले आहेत, म्हणजे कागदोपत्री. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. मूल घेऊन बाप आला की गुरुजी विचारत, 'जन्म कधीचा?' उत्तर येई, 'सुगीच्या वेळचा', किंवा 'मोठा पूर आला त्या साली'. गुरुजी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचतो का ते पाहत, सहा वर्षे पूर्ण धरत आणि १ जून लिहून मोकळे होत. त्याचे परिणाम सरकारला आणि बँकांना पुढे साठ वर्षे भोगावे लागले. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे महाराष्ट्रात ३१ मे रोजी कचेऱ्याच्या कचेऱ्या एकदम ओस पडतात आणि निरोपसमारंभाचे हार महाग होतात. अण्णा स्वतः १ जूनचेच. त्यांची आई सांगे की, गणपती उठल्यावर आठवड्याने तू झालास. अण्णांनी या दोन्ही नोंदी ठेवल्या आहेत : १ जून पहिल्या खात्यात, कारण दाखला आहे, भाद्रपद चौथ्या खात्यात, कारण आई आहे. 'मग खरी कोणती?' असे नातीने विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले, 'शिधापत्रिकेला पहिली, शिऱ्याला दुसरी.'

या खतावणीची कसोटी लागली ती मात्र घरातल्याच गोष्टीवर.

दुकानाच्या पाटीवर अनेक वर्षे 'स्थापना १९११' असे होते. त्यामागची कथा कुटुंबातील प्रत्येक मुलाला पाठ होती. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत सुरू झाली; ती लातूरपर्यंत पोहोचली १९११ साली, आणि मुरुड त्याच वाटेवर. अण्णांचे आजोबा बार्शीहून पहिल्याच गाडीने, कापडाचे दोन तागे काखोटीला मारून मुरुडला उतरले आणि स्टेशनापासून चालत येऊन त्यांनी बाजारात जागा धरली, अशी ती कथा. २०११ साली शताब्दी झाली. पूजा झाली, गावजेवण झाले, चांदीची नाणी वाटली गेली आणि प्रत्येक भाषणात ती आगगाडी शिट्टी वाजवीत आली.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माडीवरचा एक जुना पेटारा उघडला गेला. आत मोडीत लिहिलेल्या वह्या होत्या. अण्णांना मोडी वडिलांनी शिकवलेली. सर्वांत जुन्या वहीच्या पहिल्या पानावर कार्तिक शुद्ध प्रतिपदा, शके १८२६, वीर संवत २४३१, फसली १३१४, मुक्काम मुरुड. फसलीत ५९० मिळवले की १९०४ येते. शक्यात ७८ मिळवले तरी १९०४. वीर संवतातून ५२७ वजा केले तरी तेच. तिन्ही बेरजा एकमेकींशी जुळल्या, आणि १९०४ साली लातूरच्या वाटेला रूळ पोहोचायला अजून सात वर्षे होती.

दुकान आता पुतण्या पाहतो. त्याने वही पाहिली आणि एका नोंदीवर बोट ठेवले. 'अण्णा, हे पाहा, बार्शी ते मुरुड गाडीभाडे. म्हणजे गाडी होतीच की!' अण्णांनी त्याला खालची ओळ वाचून दाखवली. तिथे वैरणीचा खर्च होता. 'आगगाडी कडबा खात नाही रे,' ते म्हणाले. आजोबा बैलगाडीने आले होते. इंग्रजी हद्द ओलांडून, निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरून. तीही नोंद होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिल्या खात्यात ती माहिती गेली, वहीच्या पानाच्या छायाचित्रासह. एरवी आठच्या आत पंधरा-वीस अंगठे येतात. त्या दिवशी दुपारपर्यंत एकही आला नाही. मग इचलकरंजीहून कोणीतरी लिहिले की, घरची गोष्ट अशी चव्हाट्यावर आणायचे कारण काय. पुण्याहून कोणी लिहिले, शताब्दीची नाणी परत करायची का. पुतण्याने मात्र थोड्याच वेळात हिशेब मांडला. दुकान सात वर्षांनी जुने झाले होते, आणि बाजारात जुनेपणाला मोल असते. महिन्याभरात नवी पाटी आली : 'स्थापना १९०४'. त्याची हरकत एवढ्यात मिटली.

मिटली नाही ती वहिनींची. अण्णांच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी तेव्हा नव्वदीत होत्या. ती आगगाडीची गोष्ट घरात त्यांनीच जिवंत ठेवलेली. त्यांना ती सासूबाईंनी सांगितली, सासूबाईंना त्यांच्या सासूने. त्या लग्न होऊन आल्या त्या पहिल्या रात्री परक्या घरात रडू येत होते, तेव्हा सासूबाईंनी शेजारी बसून हीच गोष्ट सांगितली होती : बघ, या घरातला पहिला माणूसही असाच अनोळखी गावात एकटा उतरला होता. अण्णांचे पान त्यांना सुनेने वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चौविहारापूर्वी अण्णा नेहमीप्रमाणे त्यांच्या ओसरीवर गेले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, 'भाऊजी, मग ती आगगाडी कोणाची?'

अण्णांकडे तत्काळ उत्तर नव्हते. पुढचे चार दिवस त्यांनी १९११ च्या आसपासच्या वह्या चाळल्या. आजोबा नंतर कधीतरी त्या गाडीने गेले-आले असणारच. आजी आणि मुले कदाचित तिनेच आली असतील. पण कदाचित या शब्दाला पहिल्या खात्यात जागा नाही. पाचव्या दिवशी त्यांनी आगगाडीची संपूर्ण गोष्ट लिहिली. दोन तागे, पहिली गाडी, स्टेशनापासूनची चाल, सगळे. आणि वहिनींच्या त्या पहिल्या रात्रीसह, त्यांना विचारून. ती त्यांनी चौथ्या खात्यात घातली. वर लिहिले : 'ही गोष्ट आमच्या घरातील बायकांनी तीन पिढ्या सांभाळली.' त्या दिवशी अंगठे मोजायला कोणाला सवड झाली नाही, कारण पुण्या-सोलापूरच्या लेकी-सुना आपापल्या पहिल्या रात्रीविषयी लिहू लागल्या होत्या. वहिनींनी ते सर्व ऐकून घेतले. 'खातं बदललंत, रक्कम तेवढीच ठेवलीत,' त्या म्हणाल्या. व्यापाऱ्याच्या घरात सत्तर वर्षे काढलेल्या बाईला खतावणी समजावून सांगावी लागत नाही.

समाजाच्या अभिमानाच्या बाबतीत अण्णा अधिकच काटेकोर आहेत, आणि तरुणांना ते कधी कधी रुक्ष वाटते. लातूरचे नाव आले की राष्ट्रकूटांची आठवण निघते. त्या राजांच्या बिरुदांत 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद आहे, आणि लट्टलूर म्हणजे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. नवव्या शतकातील राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष हा आचार्य जिनसेनांचा शिष्य. त्याच्याच काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात व्याजाची, मिश्रणाची, सोन्याच्या कसाची उदाहरणे आहेत. आजच्या बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्याला ती ओळखीची वाटतील. हा ग्रंथ १९१२ साली मद्रासहून रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह छापला गेला. एका तरुण भाच्याने गटावर लिहिले की, शून्याने भागाकाराचे कोडे आपल्या आचार्यांनी बाराशे वर्षांपूर्वीच सोडवले होते. अण्णांनी कुतूहलाच्या खात्यात उत्तर दिले : आचार्यांनी शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते असे म्हटले आहे, आणि आजचे गणित ते मान्य करीत नाही. भाचा हिरमुसला. परंतु पूर्णांकांवर, अपूर्णांकांवर, ऋण संख्येला वर्गमूळ का नसते यावर त्या ग्रंथात जे आहे ते एवढे भरीव आहे की, त्याला उसन्या दागिन्याची गरज पडू नये. मुरुडहून फार दूर नसलेल्या तेरचेही असेच. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात 'तगर' म्हणून त्याचा उल्लेख आहे. तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरापर्यंत जाई. बैलगाडीला कमी लेखणाऱ्यांनी हे वाचावे.

सगळ्यात अवघड दिवस ३० सप्टेंबर. १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. दशलक्षण पर्वाची सांगता आदल्याच दिवशी झालेली. उपवास करणाऱ्यांचे पारणे सकाळी व्हायचे होते. हादरा मुरुडलाही बसला. त्या दिवशी फळ्यावर भावही नव्हते आणि दिवसही नव्हता. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला पान येते ते एकाच खात्याचे. पण कुटुंबात एका पुतणीचा जन्म दोन वर्षांनी नेमका त्याच तारखेला झाला. लहानपणी तिला फळ्याचे काही वाटत नसे. फोन आल्यावर मात्र तिने एकदा सरळच विचारले, 'अण्णाकाका, सगळ्यांच्या वाढदिवसाला विनोद असतो, माझ्याच का नाही?' तिचे म्हणणे खोटे नव्हते. हजारो माणसे गेली त्या तारखेला हसू लिहिणे अण्णांना जमत नव्हते, आणि एका मुलीचा दिवस कायमचा सुतकी ठेवणेही न्यायाचे नव्हते. तेव्हापासून ३० सप्टेंबरच्या पानाच्या तळाशी एक ओळ असते : 'हसू खाते, शिल्लक पुढे ओढली.' आणि १ ऑक्टोबरला तिच्या नावाने दोन विनोद येतात. एक मुद्दलाचा, एक व्याजाचा.

त्यांपैकी एक गेल्या वर्षी जुन्या छोट्या आगगाडीवर होता. प्रवासी गार्डाला विचारतो, 'याहून लवकर पोहोचता येत नाही का?' गार्ड म्हणतो, 'मला येतं, पण गाडी सोडून जाण्याची परवानगी नाही.' ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला त्यांना यात अतिशयोक्ती वाटत नाही. दोन हजार सालानंतरच्या दशकात ते रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले, आणि मोठ्या गाड्या येऊ लागल्या.

त्याच मार्गाने २०१६ साली पाणी आले. मांजरा धरण आटले होते, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. मिरजेला कृष्णेचे पाणी भरून निघालेली पहिली गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. महावीर जयंतीला आठवडा होता. मुरुड स्थानकावरून ती गेली तेव्हा गाव झोपेत होते. रूळांलगतच्या काही घरांतून लोक उठून बसले एवढेच. पाणी गाळून, मोजून, जपून वापरण्याची ज्या घरांना पिढ्यांची सवय, त्यांनाही त्या उन्हाळ्यात हंड्यांचा हिशेब नव्याने शिकावा लागला.

दरवर्षी १२ एप्रिलचे पान लिहिताना अण्णा ती गाडी पहिल्या खात्यात घेतात. एकदा नातवाने पुण्याहून सुचवले की, नुसते 'लाखो लिटर' लिहा, आकडे कोण लक्षात ठेवतो. अण्णांनी वही पुढे ओढली. दहा वॅगन. प्रत्येकी पन्नास हजार लिटर. पाच लाख. त्यांनी बेरीज दोनदा केली, खाली रेघ मारली आणि सातला पाच मिनिटे कमी असताना फोन हातात घेतला.